विश्लेषण : वीज गेली, बटण दाबले, तरी महाकाय जनरेटर सुरू का होत नाही?

बुलढाणा-भोकरदन रस्त्यावर, जालना जिल्ह्याच्या सीमेलगत असलेल्या धाड परिसरात पन्नाशी ओलांडलेल्या शेतकऱ्याला डिझेल इंजिनाची ओळख करून द्यावी लागत नाही. विहिरीवरच्या पाच अश्वशक्तीच्या इंजिनाला हँडल मारायचे, वेग आला की डीकॉम्प्रेशनची कळ पाडायची आणि धुराचा पहिला भपका निघाला की हँडल सोडून बाजूला व्हायचे, हे त्याने शेकडो वेळा केलेले असते. इंजिनाने ‘एअर धरली’ की पंपाचा नट सैल करून फेस जाऊन नितळ डिझेल येईपर्यंत थांबायचे, हेही त्याला ठाऊक असते. बंदरातील जहाज, अणुवीज केंद्र किंवा मोठा कारखाना यांच्या जनरेटरचे इंजिन हजारो अश्वशक्तीचे असते. त्याला हँडल मारता येत नाही आणि ते फिरवणे बॅटरीच्याही आवाक्याबाहेरचे असते. ते सुरू होते दाबलेल्या हवेच्या जोरावर. ही इंजिने ऐनवेळी का रुसतात आणि दोष कोणत्या क्रमाने शोधायचा, याचा हा आढावा.

विषय आताच चर्चेत का?

भारतीय नौदल आणि पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स यांच्यात २ एप्रिल २०२५ रोजी ६ मेगावॉट क्षमतेच्या मध्यम गतीच्या सागरी डिझेल इंजिनाच्या आरेखन व विकासाबाबत करार झाला. नमुना इंजिन आणि ३ ते १० मेगावॉटपर्यंतच्या इंजिनांचे तपशीलवार आरेखन यांसाठी २७० कोटी रुपये खर्च अपेक्षित असून त्यातील ७० टक्के वाटा केंद्र सरकार उचलणार आहे. किमान ५० टक्के भाग स्वदेशी असावेत, अशी अट आहे. नौदल आणि तटरक्षक दलाच्या जहाजांना गती देणे आणि जहाजावर वीज तयार करणे, अशा दोन्ही कामांसाठी ही इंजिने वापरली जातील. या क्षमतेची बहुतेक इंजिने आतापर्यंत परदेशातून येत होती.

६ मेगावॉट म्हणजे सुमारे आठ हजार अश्वशक्ती. विहिरीवरच्या पाच अश्वशक्तीच्या सोळाशे इंजिनांएवढी ताकद एकाच यंत्रात. असे इंजिन देशात घडवणे हा प्रश्नाचा एक भाग झाला. ते वर्षानुवर्षे प्रत्येक वेळी, पहिल्याच प्रयत्नात सुरू होत राहील याची काळजी घेणे हा दुसरा, आणि तो कारखान्यापेक्षा देखभाल करणाऱ्यांच्या हातात असतो.

जनरेटर सुरू न होण्याने इतके काय बिघडते?

मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. करोनाचा काळ असल्याने अतिदक्षता विभाग भरलेले होते. त्यामुळे रुग्णालयांनी जनरेटरसाठी पुरेसे डिझेल ठेवावे, अशा सूचना प्रशासनाने तातडीने दिल्या. सूचना योग्यच होती. मात्र टाकीत डिझेल असणे आणि जनरेटर सुरू होऊन भार पेलणे यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या असतात. त्यातली एक निसटली तरी भरलेली टाकी निरुपयोगी ठरते.

अणुवीज केंद्रात हा प्रश्न आणखी गंभीर असतो. अणुभट्टी बंद केल्यानंतरही इंधनातून उष्णता निघत राहते आणि ती काढून घेण्यासाठी पंप चालू ठेवावे लागतात. बाहेरची वीज गेली तर ते पंप डिझेल जनरेटरवर चालतात. म्हणून अमेरिकेतील अनेक केंद्रांत जनरेटरने सुमारे दहा सेकंदांत तयार व्हावे, अशी अट असते. राज्यातील तारापूर केंद्राच्या १९६९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन संचांचे या शतकाच्या पहिल्या दशकात नूतनीकरण झाले, तेव्हा आपत्कालीन डिझेल जनरेटरही बदलून जास्त क्षमतेचे बसवण्यात आले.

डिझेल जनरेटर सुरू होऊन पूर्ण भार घेईपर्यंतचा अवधी किती मोलाचा असतो, याचे सर्वांत भीषण उदाहरण चेर्नोबिलचे. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे तिथे जी चाचणी सुरू होती, ती याच अवधीसाठी होती. डिझेल जनरेटरला भार घ्यायला मिनिटभर लागते, तेवढा वेळ थांबत चाललेल्या टर्बाइनच्या उरलेल्या गतीवर पंप चालवता येतील का, हे तपासायचे होते. अपघाताची कारणे अणुभट्टीचे आरेखन आणि चाचणीतील चुका ही होती. पण चाचणीची गरज जनरेटरच्या त्या एका मिनिटातून निर्माण झाली होती.

हवेने इंजिन कसे सुरू होते?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दट्ट्या इतकी दाबतो की तिचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्या वर जाते आणि त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. त्यासाठी इंजिन आधी बाहेरच्या शक्तीने ठरावीक वेगाने फिरवावे लागते. फिरणे मंद असेल तर दाबलेली हवा रिंगांच्या फटींतून निसटते, तिची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंती शोषून घेतात आणि डिझेल पेटत नाही. हँडल मारताना ‘अजून जोरात’ असे ओरडण्यामागचे शास्त्र हेच होते.

मोटार, ट्रॅक्टर किंवा गावातील दुकान-दवाखान्याच्या जनरेटरला हा पहिला धक्का बॅटरीवर चालणारी स्टार्टर मोटर देते. इंजिन मोठे होत जाते तसा क्रँकशाफ्ट आणि फ्लायव्हीलचा भार वाढतो. तो बॅटरीने फिरवायचा तर बॅटरी आणि जाड केबल यांचा पसारा अवाढव्य होईल. हवेचे तसे नसते. छोटा कॉम्प्रेसर तासाभरात पोलादी टाकीत हवा दाबून भरतो आणि ती सगळी ताकद काही सेकंदांत मोकळी करता येते. या टाकीला कामगारांच्या भाषेत ‘एअर बॉटल’ म्हणतात. तिच्यातील दाब बहुधा ३० बारपर्यंत असतो. मोटारीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार हवा असते, यावरून अंदाज यावा.

ही हवा दोन प्रकारे वापरली जाते. पहिल्या प्रकारात दाब कमी करून हवा एका एअर मोटरला देतात. मोटरचे छोटे दातेरी चाक फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकते आणि इंजिन फिरवते. दुसऱ्या, जास्त मोठ्या इंजिनांत हवा थेट सिलिंडरमध्ये सोडतात. कोणत्या सिलिंडरचा दट्ट्या वरच्या टोकावरून नुकताच खाली निघाला आहे, हे ‘डिस्ट्रिब्युटर’ ओळखतो आणि त्याच सिलिंडरच्या माथ्यावरील स्टार्टिंग व्हॉल्व्ह उघडतो. हवा दट्ट्याला खाली ढकलते, मग पुढच्या सिलिंडरची पाळी. एक-दोन फेऱ्यांत वेग आला की डिझेल पेट घेते आणि हवा बंद होते. हवेने इंजिन सुरू करण्याची ही पद्धत डिझेल इंजिनाइतकीच जुनी आहे.

बटण दाबले आणि काहीच झाले नाही तर?

दोष शोधताना अनुभवी तंत्रज्ञ आधी पाना हातात घेत नाही. तो चार प्रश्न विचारतो. इंजिन फिरले का? पुरेशा वेगाने फिरले का? पेट घेतला का? पेट घेऊन टिकले का? उत्तर ज्या प्रश्नावर ‘नाही’ येते, दोष बहुधा त्याच टप्प्यात असतो. हा क्रम सोडून नोझल खोलायला सुरुवात केली की तास वाया जातात.

काहीच हालचाल नसेल तर पहिली नजर एअर बॉटलच्या दाबमापकावर जाते. दाब आहे, पण बॉटलचा मुख्य व्हॉल्व्ह देखभालीनंतर बंदच राहिला, असे होऊ शकते. दाब ठीक आणि व्हॉल्व्ह उघडा असेल तर प्रश्न परवानगीचा असतो. मोठ्या इंजिनाला सुरू होण्यापूर्वी अनेक अटी पूर्ण कराव्या लागतात. दुरुस्तीवेळी इंजिन हळू फिरवण्यासाठी लावलेला टर्निंग गिअर काढलेला हवा. बेअरिंगपर्यंत वंगण पोहोचल्याची खूण म्हणून तेलाचा दाब हवा. आधी दाबलेले आपत्कालीन ‘स्टॉप’ बटण पूर्ववत केलेले हवे. नियंत्रणाचा खटका योग्य जागी हवा. यांपैकी एकही अट अपुरी असेल तर ‘इंटरलॉक’ हवेला पुढे जाऊच देत नाही. हा इंजिनाचा दोष नसून त्याचे संरक्षण असते. म्हणूनच घाईत इंटरलॉकला बगल देणे सर्वांत धोक्याचे.

इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. इंजिन हवेने फिरत असले तरी हवा सोडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह विजेवर चालतो आणि ती वीज नियंत्रणाच्या बॅटरीतून येते. ३० बार हवा तयार असताना छोट्या बॅटरीची गंजलेली जोडणी सगळे अडवू शकते. अशा वेळी सोलेनॉइड हाताने दाबून पाहिला आणि इंजिन फिरले, तर हवेची बाजू निर्दोष आहे आणि दोष वायरिंगमध्ये आहे, हे एका मिनिटात कळते. अर्थात ही तपासणी निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितलेल्या पद्धतीनेच आणि इंजिनाजवळ कोणी नसताना करायची असते.

हवा सुटते, पण इंजिन फिरत नाही किंवा रेंगाळते, ते का?

हवेचा आवाज येतो आणि इंजिन अर्धा फेरा घेऊन अडते, तेव्हा पुन्हा पुन्हा बटण दाबण्याचा मोह टाळायला हवा. सिलिंडरमध्ये पाणी, तेल किंवा डिझेल साचलेले असू शकते. हवा दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. त्यावर जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा सिलिंडरचा माथा तडकतो. म्हणून मोठे इंजिन बराच काळ बंद असेल तर प्रत्येक सिलिंडरचा इंडिकेटर कॉक उघडून इंजिन हळू फिरवतात आणि बाहेर काय पडते ते पाहतात. कोरडी हवा निघाली तर पुढे जायचे. पाण्याचे थेंब आले तर आधी गळती शोधायची.

सिलिंडर कोरडे असतील तर संशय एअर मोटरच्या न अडकलेल्या दातेरी चाकावर, चिकटलेल्या डिस्ट्रिब्युटरवर किंवा अडकलेल्या स्टार्टिंग व्हॉल्व्हवर जातो. कमी सिलिंडरच्या इंजिनात आणखी एक शक्यता असते. इंजिन अशा स्थितीत थांबलेले असते की कोणत्याही सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडण्याच्या पाळीत नसतो. टर्निंग गिअरने थोडे फिरवून, गिअर काढून पुन्हा प्रयत्न केला की ते निघते.

इंजिन फिरते पण रेंगाळते, तेव्हा हवा कमी पोहोचते किंवा विरोध जास्त असतो. हवेच्या बाजूला गंज आणि घाणीने भरलेली जाळी, अर्धवट उघडा व्हॉल्व्ह, दाब नीट न देणारा रेग्युलेटर ही कारणे. विरोधाच्या बाजूला थंड, घट्ट झालेले तेल. म्हणून आपत्कालीन इंजिनाचे पाणी आणि तेल हीटर लावून सतत कोमट ठेवले जाते. तो हीटर बंद पडला तर उन्हाळ्यात कोणाच्या लक्षातही येत नाही. डिसेंबरातल्या पहाटे मात्र इंजिन रुसते.

हवेतील पाणी हा या यंत्रणेचा जुना शत्रू. वातावरणातील बाष्प हवेसोबत दाबले जाते आणि बॉटलच्या तळाशी पाणी साचते. ते वेळच्या वेळी काढले नाही तर बॉटल आतून गंजते आणि गंजाचे कण व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात. दमट किनारपट्टीवर आणि पावसाळ्यात हे पाणी जास्त निघते. त्यामुळे तळाचा ड्रेन उघडणे हे दर पाळीचे काम मानले जाते.

जोरात फिरते, पण पेट का घेत नाही?

इथे धूर बोलतो. धुरांड्यातून काहीच निघत नसेल तर सिलिंडरपर्यंत डिझेलच पोहोचत नाही. पांढरा धूर निघत असेल तर डिझेल पोहोचते पण पेटत नाही, म्हणजे इंजिन फार थंड आहे, वेग कमी आहे किंवा दाब निसटतो आहे.

डिझेल न पोहोचण्याची कारणे विहिरीवरच्या इंजिनासारखीच असतात. टाकीचा व्हॉल्व्ह बंद, फिल्टर तुंबलेला, नळीत शिरलेली हवा. जी हवा बॉटलमध्ये असताना इंजिन सुरू करते, तीच डिझेलच्या नळीत शिरली की ते अडवते. डिझेल पंपाने दाबले जाते. त्याच्यात बुडबुडा असला तर पंपाचा जोर बुडबुडा दाबण्यातच जातो आणि नोझल उघडत नाही. यावरचा उपायही जुनाच, फेस संपेपर्यंत हवा काढणे.

मोठ्या इंजिनात आणखी एक दुवा असतो, गव्हर्नर. किती डिझेल जावे हे तो ठरवतो आणि फ्युएल रॅक हलवतो. गव्हर्नरचे तेल कमी असेल, सुरुवातीला त्याला दाब देणारा बूस्टर काम करत नसेल किंवा मागच्या वेळचा ‘स्टॉप’ संकेत तसाच राहिला असेल, तर रॅक शून्यावरच राहतो. इंजिन हवेवर छान फिरते आणि हवा संपली की थांबते. इंजिन फिरत असताना रॅक हलला का, हे एका सहकाऱ्याने नुसते पाहिले तरी निम्मे निदान होते.

साठवलेले डिझेलही कायम तसेच राहत नाही. टाकीच्या तळाशी पाणी जमते आणि पाणी व डिझेलच्या सीमेवर जिवाणू वाढून चिकट गाळ तयार होतो. महिनोन्महिने शांत असलेला हा गाळ इंजिन सुरू होऊन प्रवाह वाढला की ढवळतो आणि फिल्टर तुंबवतो. दोन-तीन जनरेटर एकाच टाकीवर असतील तर सगळेच एकदम बंद पडू शकतात. अभियंते याला सामाईक कारणाचा बिघाड म्हणतात. एकाला दोन जनरेटर ठेवल्याने मिळणारा दिलासा अशा वेळी खोटा ठरतो.

इंजिन सुरू झाले, तरी वीज न मिळाल्याची उदाहरणे आहेत?

आहेत, आणि तीच सर्वांत बोलकी आहेत. स्वीडनमधील फोर्समार्क अणुवीज केंद्रात २५ जुलै २००६ रोजी बाहेरच्या वीजवाहिनीत बिघाड झाला. चारपैकी दोन डिझेल जनरेटर आपोआप जोडले गेले नाहीत. कारण इंजिनात नव्हते, नियंत्रणाला अखंड वीज देणाऱ्या यंत्रणेत होते. कर्मचाऱ्यांनी सुमारे २२ मिनिटांनी ते हाताने जोडले.

जपानमधील फुकुशिमा दाईइची केंद्रात ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर जनरेटर ठरल्याप्रमाणे सुरू झाले होते. सुमारे ५० मिनिटांनी त्सुनामीचे पाणी शिरले आणि तळघरातील जनरेटर व वीजफलक बुडाले. सहाव्या संचाचा हवेने थंड होणारा एकच जनरेटर टिकला. त्याच्या जोरावर पाचवा आणि सहावा संच वाचला.

भारतातील उदाहरण उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्राचे. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे टर्बाइनची पाती तुटून आग लागली. केबल जळाल्या आणि केंद्र सुमारे १७ तास पूर्णपणे विजेविना राहिले. जनरेटर होते, पण त्यांची वीज पोहोचवणाऱ्या आणि त्यांना नियंत्रित करणाऱ्या केबल आगीत सापडल्या होत्या. कर्मचाऱ्यांनी बॅटरीच्या उजेडात वर चढून अणुभट्टीत हाताने बोरॉन सोडले. थंड करण्याचे पाणी मिळाले ते डिझेलवर चालणाऱ्या आगीच्या पंपांकडून. स्वतःच्या इंजिनावर चालणारे ते साधे पंप कोणत्याही जळालेल्या केबलवर अवलंबून नव्हते.

अमेरिकेतील बाल्टिमोर येथे २६ मार्च २०२४ रोजी ‘डाली’ हे मालवाहू जहाज पुलावर आदळले आणि पुलावर काम करणाऱ्या सहा जणांचा मृत्यू झाला. जहाजावरील बहुतेक कर्मचारी भारतीय होते. तपासात पहिल्यांदा वीज जाण्याचे कारण संकेताच्या तारेची सैल जोडणी असल्याचे आढळले. दुसऱ्यांदा वीज गेली ती इंधनाचा दाब कमी पडल्याने. डिझेल जनरेटरना इंधन देण्यासाठी वापरलेला पंप मूळ त्या कामाचा नव्हता आणि वीज गेल्यानंतर तो आपोआप पुन्हा सुरू होत नव्हता.

चारही घटनांत मूळ इंजिनात दोष नव्हता. दोष होता त्याच्या भोवतीच्या साखळीत. तार, केबल, पंप, जागेची उंची. ‘आपल्याकडे जनरेटर आहे’ एवढ्या वाक्यावर समाधान मानणे म्हणूनच महागात पडते.

मग उपाय काय? नियम काय सांगतात?

जहाजांसाठीचे आंतरराष्ट्रीय नियम याबाबत नेमके आहेत. मालवाहू जहाजावर आपत्कालीन जनरेटर हा मुख्य विजेचा पर्याय असेल, तर वीज गेल्यावर त्याने जास्तीत जास्त ४५ सेकंदांत भार घ्यावा. आपोआप सुरू होणाऱ्या संचाकडे लागोपाठ तीन वेळा सुरू होण्याइतकी ऊर्जा साठवलेली असावी. शिवाय ३० मिनिटांत आणखी तीन प्रयत्न करता येतील असा दुसरा मार्ग असावा. उलट-सुलट फिरणाऱ्या मुख्य इंजिनासाठी तर हवेचा साठा बारा वेळा सुरू करण्याइतका लागतो. या आकड्यांमागचा विचार साधा आहे. पहिला प्रयत्न फसू शकतो, हे गृहीत धरायचे. पण तीन प्रयत्न फसले तर थांबायचे आणि कारण शोधायचे. उरलेली हवा आंधळेपणाने उडवली तर दोष सापडल्यानंतर इंजिन सुरू करायला काहीच उरत नाही.

नियमित चाचणी हा दुसरा उपाय. तिथेही तारतम्य लागते. थंड इंजिन झटक्यात सुरू करून लगेच पूर्ण भार देण्याच्या वारंवार चाचण्यांमुळे इंजिनाचीच झीज होते, हे लक्षात आल्यावर अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने १९८४ मध्ये अशा चाचण्या कमी करण्याचा आग्रह धरला. दुसऱ्या टोकाला, इंजिन दर आठवड्याला पाच मिनिटे रिकामे चालवून ‘ठीक आहे’ असा शेरा मारणे हेही फसवे. भाराशिवाय चालणाऱ्या इंजिनात डिझेल पूर्ण जळत नाही, काजळी आणि चिकटा साचतो. शिवाय खरी परीक्षा भार घेण्याची असते, ती होतच नाही.

तिसरा उपाय सर्वांत स्वस्त आहे. वहीत दोन आकडे लिहिणे. सुरू होण्यापूर्वी बॉटलमध्ये किती बार होते आणि सुरू झाल्यावर किती उरले. सोबत किती सेकंद लागले तेही. दर वेळी दोन बार कमी होत असतील आणि या महिन्यात चार झाले, तर इंजिन सुरू झाले असले तरी ते काहीतरी सांगते आहे. व्हॉल्व्ह गळतो आहे, तेल घट्ट आहे किंवा हीटर बंद आहे. बिघाड होण्याआधी मिळणारी ही सूचना कोणत्याही महागड्या उपकरणाशिवाय मिळते.

हवेच्या यंत्रणेत कोणता धोका असतो?

स्टार्टिंग व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर चालू इंजिनातील तप्त वायू हवेच्या नळीत मागे शिरतात. कॉम्प्रेसरमधून आलेले तेल त्या नळीत साचलेले असेल तर स्फोट होऊ शकतो. जहाजांवर अशा स्फोटांत जीव गेले आहेत. म्हणून नळीवर ज्वालारोधक, फुटणारी चकती आणि उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह असतो. इंजिन चालू असताना स्टार्टिंग व्हॉल्व्हजवळची नळी नेहमीपेक्षा गरम लागणे ही धोक्याची पहिली खूण. आणि एक नियम बिनशर्त पाळायचा, हवा संपली म्हणून ऑक्सिजनचा सिलिंडर कधीही जोडायचा नाही. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले तर स्फोट अटळ मानावा.

धाडसारख्या गावाने यातून काय घ्यावे?

छोट्या गावातील दवाखाना, पेट्रोल पंप, पाणीपुरवठा किंवा मंगल कार्यालयाच्या जनरेटरला एअर बॉटल नसते, बॅटरी असते. बाकी साखळी तीच. फिरले का, जोरात फिरले का, पेट घेतला का, टिकले का, हे चार प्रश्न तिथेही लागू पडतात. बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा थर, महिनोन्महिने न काढलेले टाकीच्या तळाचे पाणी, न बदललेला फिल्टर आणि आपोआप भार बदलणारा खटका, सुरू न होण्याची बहुतेक कारणे याच चार जागी सापडतात.

चाचणी घ्यायची तर महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी, जबाबदार माणूस हजर असताना मुख्य स्विच खरोखर बंद करून घ्यावी. दिवे किती सेकंदांत आले ते वहीत लिहावे. दवाखान्यात ही चाचणी रुग्णांची पर्यायी सोय करून आणि डॉक्टरांना सांगूनच घ्यावी. चाचणीत जनरेटर रुसला तर मेकॅनिक बोलवायला दिवस हातात असतो. मध्यरात्री वीज गेल्यावर तो रुसला, तर हातात फक्त मोबाइलचा उजेड उरतो.